दोन बाइटची काटकसर

धुळ्यात सी प्रोग्रामिंग शिकवणारे मास्तर पुष्कळ आहेत. पण बावीस वर्षं एकच भाषा, एकाच लॅबमध्ये, एकाच निळ्या पडद्याच्या कंपायलरवर शिकवणारा एकच, आणि तो म्हणजे मी, ज्ञानेश्वर बोरसे. जग कुठल्या कुठे गेलं, आमचा निळा पडदा आणि त्यावरची पिवळी अक्षरं जागची हलली नाहीत. दर जुलैत मी फळ्यावर पहिलं वाक्य लिहितो : इंट म्हणजे दोन बाइटचा डबा, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. हा आकडा मी पोरांकडून इतका घोकून घेतलाय की काहींना स्वतःचा मोबाइल नंबर आठवत नाही, पण हा आठवतो.

आता असा आकडा ज्याला झोपेतही पाठ आहे, त्याच माणसाची भर मैदानात त्याच आकड्याने फटफजिती व्हावी, याला काय म्हणावं? ऐका तर.

माझी बायको कामिनी आमच्या भागातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. चाळीस बायका. दर एप्रिलमध्ये दोन जिल्ह्यांतल्या गटांची बिबड्यांची स्पर्धा असते. बिबडे माहीत नसतील तर तुम्ही खान्देशात नुसतेच बसस्टँडवर उतरला असाल. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, लसूण-तीळ-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून उन्हात साडीवर टाकायचा. हात भाजतो, पाठ मोडते, डोक्यावर बेचाळीस डिग्री असते. दोन दिवसांत जो गट जास्त बिबडे थापेल तो जिंकतो.

यंदाचं बक्षीस मोठं होतं. सोलर ड्रायर. एका खोलीएवढा. गेल्या वर्षी अवकाळी पावसाने कामिनीच्या गटाचे सहा पोती बिबडे एका दुपारी पुन्हा घाटा करून टाकले होते.  त्या दिवशी ती घरी येऊन नुसती भिजलेली साडी पिळत बसली होती. त्यामुळे हा ड्रायर तिला हवाच होता. अंतिम फेरीत समोर होता पारोळ्याचा गट आणि पारोळ्याच्या बेबाबाई. बेबाबाई म्हणजे एका हाताने थापणार, दुसऱ्या हाताने पुढची गोळी घेणार आणि तोंडाने चाळीस जणींना कामाला लावणार. लागोपाठ तीन वर्षं त्याच जिंकत होत्या.

"गेल्या वर्षी वहीत मोजताना घोळ झाला होता," कामिनी जेवताना म्हणाली. "पारोळ्याच्या बायका म्हणे आमच्या दोन भरलेल्या साड्या दोनदा लिहिल्या, आम्ही म्हणे त्यांच्या. भांडणं झाली नुसती."

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. असा क्षण माणसाच्या आयुष्यात रोज येत नाही.

"वही बंद करायची," मी म्हणालो. "यंदा मोजणी सी-मध्ये होईल."

स्पर्धेचे पंच होते नवलनाना, निवृत्त शिक्षणाधिकारी. त्यांना मी लॅबमधला संगणक दाखवला, मोठा पडदा भाड्याने आणायचं कबूल केलं. एक साडी म्हणजे मोजून शंभर बिबडे. साडी भरली की गटाची बाई हात वर करून ओरडणार, मी शंभर टाकणार, पडद्यावर दोन्ही गटांचा आकडा शेजारी शेजारी दिसणार. चार वाजता पडद्यावर जे दिसेल तो निकाल. नाना खूश झाले. "वही ठेवायचीच नाही म्हणता?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्हीदा छाती पुढे काढून नाही म्हणालो.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हेमांगी घरी आली. माझी जुनी विद्यार्थिनी. आता नाशकात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, सुट्टीला आली होती. तिची आईही कामिनीच्या गटात. मी अभिमानाने तिला प्रोग्राम दाखवला. तिने वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सर, काउंटर इंट घेतलाय. लाँग घ्या ना. चार बाइटचा. दोन अब्जांपर्यंत जाईल."

"दोन अब्ज बिबडे कोण खाणार?"

"तसं नाही सर, पण ३२,७६७ च्या वर गेलं तर?"

"हेमांगी," मी समजावलं, "गेल्या वर्षी जिंकणाऱ्या गटाचे एकोणीस हजार होते. यंदा फार तर पंचवीस होतील. मग दोन बाइट फुकट कशाला घालवायच्या?"

"आमच्याकडे तर साधा इंटच चार बाइटचा असतो, सर."

"मग तुमच्याकडे उधळपट्टी चालते."

मी काटकसरी माणूस आहे. टूथपेस्टची ट्यूब मी लाटण्याने लाटतो. ज्या संगणकात कोट्यवधी बाइट रिकाम्या पडल्या होत्या, तिथे मी दोन वाचवत होतो आणि वर त्याचा मला आनंद होता.

कामिनी दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे आमच्याकडून बत्तीस हजार होणारच नाहीत, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"अगं, तसं नाही. गणित असतं ते."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. बावीस वर्षांच्या संसारात मला एवढं तरी कळायला हवं होतं की त्या 'बरं'ला शेपूट असतं.

पहिला दिवस माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस होता. कापूस खरेदीचं ते प्रचंड सिमेंटचं पटांगण, एप्रिलमध्ये ओस पडलेलं, आणि त्यावर साड्याच साड्या. या टोकाला धुळे, त्या टोकाला पारोळा, मध्ये मंडपात मी. "सर, साडी!" असा आवाज आला की मी शंभर टाकायचो, आकडा वर जायचा आणि अख्खं पटांगण मान वर करून पडद्याकडे बघायचं. लोक मला पाणी आणून देत होते. एका आबांनी तर पडद्याबरोबर माझा फोटो काढला. संध्याकाळी धुळे १४,९००, पारोळा १४,८००. वाळलेले बिबडे पोत्यांत भरले गेले. नवलनाना म्हणाले, "बोरसे सर, वही नसल्याने किती शांतता आहे बघा." मी त्या रात्री संगणकाच्या अंगावर चादर घालूनच घरी गेलो.

मंडपामागे गोदामाची लांब भिंत होती, मधे मधे खांब असलेली. तिच्या सावलीत बेबाबाईंच्या सासूबाई बसलेल्या, भागाबाई. ऐंशीच्या पुढच्या. थापायला हात चालत नाहीत, पण घरी बसवत नाही म्हणून आलेल्या. समोर दोन वाट्या. मी जाता जाता विचारलं, "काय चाललंय भागाबाई?"

"काही नही भाऊ. टाईमपास शे."

मला हसू आलं. म्हातारं माणूस, करमत नसेल.

दुसऱ्या दिवशी काय झालं कोण जाणे. कामिनीच्या बायका पेटल्याच. दुपारी दोनलाच मी मनातल्या मनात हिशेब केला आणि घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला अजून दोन तास होते. तीन वाजता आकडा बत्तीस हजारांच्या पुढे. मी कामिनीकडे धावलो. ती गुडघ्यावर बसून थापत होती, कोपरापर्यंत घाटा, कपाळावरचा घाम खांद्याला पुसत होती.

"जरा दमाने घ्या," मी म्हणालो. "एवढी घाई कशाला? पुढेच आहात ना?"

तिने वर पाहिलं. "किती झाले?"

"बत्तीस हजार चारशे."

"बत्तीस," ती म्हणाली, आणि शेजारणीला ओरडली, "कुंदाबाई, घाटा आणा अजून. आमच्याकडून बत्तीस हजार होत नाहीत म्हणे."

तीन पंचवीसला धुळ्याचा आकडा ३२,७०० होता. मी प्रार्थना करत होतो की कुणीतरी पाणी प्यायला उठावं. तेवढ्यात आवाज आला, "सर, साडी!"

मी शंभर टाकले.

पडद्यावर आलं : धुळे उणे ३२,७३६.

ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बाइटच्या डब्यात ३२,७६७ च्या वर एक जरी टाकला, तरी डबा गप्प बसत नाही, सांडतही नाही. तो सरळ दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून उण्यात मोजायला लागतो. हे मी फळ्यावर बावीस वर्षं लिहीत आलोय. पण फळ्यावर लिहिताना समोर ऐंशी बायका उलथणी घेऊन उभ्या नसतात.

"उणे म्हणजे?" कुंदाबाईंनी विचारलं.

"म्हणजे आपण बत्तीस हजार देणं लागतो का पारोळ्याचं?" दुसरी घाबरून म्हणाली.

"तांत्रिक आहे, तांत्रिक," मी दोन्ही हात वर करून म्हणालो. "पाच मिनिटं."

प्रोग्राम बंद केला. बंद केला म्हणजे आकडे गेले, वही तर नव्हतीच. म्हणून आकडे मी आधीच पेनने तळहातावर उतरवून घेतले होते. इंट खोडून लाँग केलं, आकडे परत टाकायला बसलो, तोवर दोन्हीकडून "सर, साडी! सर, साडी!" चाललेलं. मी तळहातावर रेघा ओढत होतो, रेघांवर घाम येत होता, घामाने शाई पसरत होती. शेवटी हातावरून वाचलं, धुळे ३३,०००, पारोळा ३१,६००. एक रेघ कमी की जास्त, हे देव जाणे. प्रोग्राम सुरू केला.

पडद्यावर आलं : धुळे उणे ३२,५३६. पारोळा ०.

पटांगणातली थापणी थांबली, घाट्याच्या पातेल्यांची बुडबुड तेवढी चालू राहिली. मग पारोळ्याकडून बेबाबाई निघाल्या. चालत नव्हत्या, येत होत्या.

"सर," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आमना बिबडा कोठे गयात?"

"आहेत, आहेत, बेबाबाई. कुठे जाणार?"

"शून्य शे ना तठे. चाळीस बाया दोन दिवस उन्हात बठ्यात, नि शून्य?"

गर्दीतून वाट काढत हेमांगी आली. तिने पडद्याकडे पाहिलं, प्रोग्रामकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सर, डबा मोठा केलात, पण छापायच्या ओळीत परसेंट डी तसंच राहिलं. परसेंट एल डी पाहिजे."

हेही मी शिकवतो बरं का. दुसऱ्या आठवड्यात. छापणाऱ्या ओळीला सांगावं लागतं की डबा किती मोठा आहे. परसेंट डी म्हटलं की ती बिचारी दोनच बाइट उचलते. धुळ्याच्या चार बाइट होत्या, पहिल्या दोन तिने धुळ्याच्या जागी छापल्या, उरलेल्या दोन पारोळ्याच्या जागी. त्या होत्या शून्य. पारोळ्याच्या खऱ्या आकड्यापर्यंत ती पोचलीच नाही. पण हे बेबाबाईंना कोण सांगणार? मी सांगून पाहिलं.

"म्हणजे आमना जागावर धुळानंच छापं?" त्यांनी विचारलं. आणि खरं सांगतो, इतकं अचूक उत्तर माझ्या एकाही विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिलेलं नाही.

मी एल घातला. चार वाजता शिटी वाजली, शेवटच्या अर्धवट साड्यांवरचे सुटे बिबडे मिळवले, तेव्हा पडद्यावर होतं : धुळे ३३,४१२, पारोळा ३१,९४०. बरोबर आकडे. धुळे जिंकलं होतं. मी वळून नवलनानांकडे पाहिलं, हसलो.

नाना हसले नाहीत. "बोरसे सर, अर्ध्या तासापूर्वी इथे काय होतं?"

"उणे बत्तीस हजार सातशे छत्तीस. पण नाना, त्यात पासष्ट हजार पाचशे छत्तीस मिळवले की—"

"पासष्ट हजार मिळवायचे?"

"पाचशे छत्तीस. नियमच आहे तो."

"मग पारोळ्याचं शून्य झालं. मग तुम्ही दोन्ही आकडे आपल्या हाताने टाकलेत. तळहातावरून."

मी तळहात मागे घेतला.

"आणि धुळ्याच्या अध्यक्ष तुमच्या कोण?"

 नाना खुर्चीतून उठले. "मी कुणावर आरोप करत नाही. पण वही नाही, पोत्यातले बिबडे मोजायला काढले तर निम्मे मोडतील. या आकड्यावर मी निकाल देऊ शकत नाही. स्पर्धा रद्द. ड्रायर परत जाईल."

कामिनी तिथेच उभी होती. हातावरचा घाटा वाळून पापुद्रे सुटत होते.   तिने पदराने हात पुसायला घेतले, गेल्या वर्षी साडी पिळत होती तशीच, खाली बघून. दोन दिवसांत चाळीस बायकांनी जे करून दाखवलं होतं, ते मी दोन बाइट वाचवायला जाऊन मातीत घातलं होतं. मला वाटलं, जमीन दुभंगली तर मी आत जायला एका पायावर तयार आहे.

"नाना," मागून आवाज आला. "मी मोजेल शे ना."

भागाबाई. काठी टेकत भिंतीपाशी उभ्या होत्या.

आम्ही सगळे तिकडे गेलो. गोदामाच्या भिंतीवर, दोन खांबांच्या मधे, बोटाने लावलेले हळदीचे ठिपके होते. ओळीने. शेजारच्या दोन खांबांमधे कुंकवाचे.

"आमनी हळद, तुमनं कुंकू," भागाबाई म्हणाल्या. "साडी भरनी का येक ठिपका. ईस ठिपकास्नी येक वळ." वीस ठिपक्यांची एक ओळ. दोन्ही दिवस, पहिल्या साडीपासून.

नानांनी चष्मा लावला आणि मोजायला सुरुवात केली. हळदीच्या पंधरा ओळी पूर्ण, सोळावीत एकोणीस. तीनशे एकोणीस साड्या. अर्धवट शेवटच्या साडीवरचे चाळीस जाऊन मोजले. एकतीस हजार नऊशे चाळीस.

मग कुंकू. सोळा ओळी पूर्ण. तिथे शेवटची ओळ जमिनीला टेकली होती. सोळा. माझ्या दोन बाइटच्या डब्यातही बिट सोळाच असतात, आणि पुढे जागा नसते. 

"भागाबाई, इथे तर भिंत संपली," मी म्हणालो. "पुढचे कुठे मांडले?"

भागाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माणूस इतका कसा अडाणी असू शकतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"भित भरनी," त्या म्हणाल्या, "मंग दुसरी भित लिधी."

काठीने त्यांनी खांबापलीकडे दाखवलं. पुढच्या भिंतीवर कुंकवाचे चौदा ठिपके होते. तीनशे चौतीस साड्या, वर शेवटच्या साडीवरचे बारा. तेहेतीस हजार चारशे बारा.

सगळ्यांनी बेबाबाईंकडे पाहिलं. त्यांच्याच सासूने, त्यांच्याच हळदीशेजारी, त्यांना हरवणारं कुंकू लावलं होतं. बेबाबाईंचा जबडा दोनदा हलला. मग त्या नानांना म्हणाल्या, "आत्याबाईनी मोजनी कधी चुकत नही. लिखी ल्या." आणि कामिनीचे घाट्याने भरलेले दोन्ही हात आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, "कसा हात शेत तुना, माय."

कामिनी रडली. मीही रडलो. फक्त माझं रडणं संपल्यावर मी नानांना म्हणालो, "बघा, माझ्या पडद्यावरही तेहेतीस हजार चारशे बाराच होतं." नाना नुसते माझ्या तळहाताकडे बघत राहिले.

आता मला विचाराल तर मला झाल्या प्रकाराचा अभिमानच आहे. हसू नका. बावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला प्रत्यक्षात इंट भरून दाखवता आला नाही. माझ्या बायकोने ज्वारीच्या घाट्याने भरला, पार उण्यात जाईपर्यंत. कॉलेजात हे मी सगळ्यांना सांगतो. यंदा जुलैत फळ्यावर ३२,७६७ लिहिलं आणि खाली लिहिलं, 'भिंत भरली की दुसरी भिंत घ्यावी.' पोरांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? म्हटलं, गोदामावर.

ड्रायर आमच्या गल्लीच्या टोकाला उभा आहे. अवकाळी येऊन गेला, एक बिबडा भिजला नाही. पारोळ्याचा गटही पावसाळी दिवसांत आपला माल इथेच आणतो, कामिनीनेच बोलावलंय. पुढच्या वर्षीच्या मोजणीसाठी दोन्ही गटांनी एकमताने भागाबाईंचं नाव घातलंय.

"आणि मी?" मी कामिनीला विचारलं.

"तुम्ही कावळे हाकलायचे. बिबड्यांवर बसतात ते."

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण किती हाकलले त्याची नोंद ठेवावी लागेल. छोटासा प्रोग्राम लिहितो."

निळा पडदा उघडला. मोजायचे ते कावळेच, ते कितीसे येणार, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कामिनी दारात येऊन उभी राहिली. मी तोंड मिटलं आणि गुपचूप लाँग लिहिलं. परसेंट एल डीसुद्धा.